मालिका कुठे थांबवावी? थरारकथा आणि विज्ञानकथा वाचताना

आजचा विषय मौजेच्या वाचनाचा आहे. थरारकथांच्या मालिका आणि जुन्या, नावाजलेल्या विज्ञानकथा. वाचनालयात ही पुस्तकं बहुधा शेजारीशेजारी असतात, त्यांचे वाचकही पुष्कळदा तेच असतात, आणि वाङ्मयाच्या इतिहासात दोघांना मिळून एखादं पान येतं. ते पानही 'यांनी वाचनाची गोडी लावली' एवढं प्रशस्तिपत्र देऊन संपतं. म्हणजे बालवाडीच्या बाईंचे आभार मानावेत तसं. पुढे खरं शिक्षण दुसऱ्यांनीच केलं, असा त्याचा अर्थ.

आम्हांला आज ह्या पुस्तकांकडे जरा गंभीरपणे बघायचं आहे. गंभीरपणे म्हणजे त्यांत सामाजिक आशय शोधून त्यांना वरच्या वर्गात बसवायचं, असं नव्हे. मौज हेच त्यांचं काम असेल तर ती मौज नेमकी कशाची आहे आणि कुठे फसते, हे विचारायचं. आमचं म्हणणं असं, की ह्या दोन प्रकारांची मौज एका जातीची नाही. बऱ्याच ठिकाणी ती उलट दिशेनं चालते. हे ध्यानात न घेता एकीचा नियम दुसरीला लावला की चांगली पुस्तकं बिघडतात. मोठमोठ्या लेखकांची बिघडली आहेत. बोलता बोलता काही रहस्यं फुटतील, त्याला इलाज नाही. पण ज्या पुस्तकाची सगळी गंमत शेवटावर आहे, त्याच्या शेवटाबद्दल आम्ही मूग गिळून बसू.

आधी थरारकथा. ली चाइल्डचा जॅक रीचर घ्या. पहिलं पुस्तक १९९७ चं. लष्करी पोलिसांतला माजी मेजर, घर नाही, सामान नाही, खिशात घडीचा टूथब्रश. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात उतरतो, कॉफी मागवतो. त्या गावात काहीतरी काळंबेरं चाललेलं असतं. हा त्यात पडतो, पाचसहा जणांची हाडं मोडतात, मुख्य माणसाचा निकाल लागतो, आणि शेवटच्या पानावर रीचर गावाबाहेरच्या रस्त्यावर पुढच्या गाडीची वाट बघत उभा असतो. दहा पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे तोंडपाठ झालेलं असतं. मग तो अकरावं का उचलतो?

'सवय' हे एक उत्तर झालं, पण आळशी उत्तर. ह्याचं चांगलं उत्तर आपल्या कीर्तनात आहे. बुवांनी हरिश्चंद्राचं आख्यान लावलं, तर समोरच्या आजीबाईंना शेवट ठाऊक असतोच. तरी स्मशानातल्या प्रसंगाला त्या डोळ्याला पदर लावतात, आणि बुवांनी मधला एखादा प्रसंग उरकून टाकला तर घरी जाताना कुरकुर करतात. शेवट माहीत असल्यानं रस कमी होत नाही. 'काय होणार' ही काळजी मिटते आणि सगळं लक्ष 'कसं होणार' ह्याच्याकडे लागतं. मालिकेचा वाचक असा आजीबाईंच्या जातीचा असतो. त्याला प्रसंग ठाऊक असतात, म्हणून सांगणाऱ्याचा हात कुठे हलका पडला हे त्याला चटकन कळतं. मालिकेच्या वाचकाइतका कडक परीक्षक नाही, बरं का. फक्त तो लेख लिहीत नाही, पुढचं पुस्तक घेत नाही.

मालिका सोडून एक उदाहरण देतो, कारण त्यात ही गोष्ट फार स्वच्छ दिसते. फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल'. १९७१ साली आली. विषय आहे १९६३ साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल ह्यांच्या खुनाचा कट. आता द गॉल तर नोव्हेंबर १९७० मध्ये आपल्या घरी वारले. पुस्तक विकत घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की कट फसणार आहे. पुस्तक लिहून तयार होतं तेव्हा तर द गॉल हयात होते, आणि प्रकाशकांची अडचण हीच होती: ज्याचा शेवट सगळ्यांना ठाऊक, ते वाचणार कोण? वाचलं जगानं. कारण फोर्सिथ 'मरेल का?' हा प्रश्न विचारतच नाही. तो विचारतो, असं काम करायचं झालं तर पहिल्या दिवशी काय करावं लागेल? लहानपणीच वारलेल्या एखाद्याच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा काढायचा, बंदूक सुटी करून कशात लपवायची, कारागिराला किती सांगायचं आणि किती नाही. दुसऱ्या बाजूला क्लोद लबेल नावाचा साधासा, बायकोच्या धाकातला पोलीस अधिकारी, तोही असाच कागदपत्रं चाळत पुढे सरकतो. दोन कामसू माणसांची शर्यत आहे ती. आम्ही हे पुस्तक जितक्यांदा वाचलं तितक्यांदा, द गॉल वाचणार हे माहीत असूनही, शेवटच्या प्रकरणात पान उलटायची घाई झाली आहे.

तर थरारकथेचा करार असा: जग विसकटेल, आणि पुस्तक संपेपर्यंत पुन्हा घडी बसेल. नायक परत येईल, तोच असेल. म्हणून तर ती मालिका होऊ शकते. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. ह्यांतलं कुणी म्हातारं होत नाही. अर्नाळकरांबद्दल बोलताना आपण तो हजाराचा आकडा सांगतो आणि थांबतो, हा त्यांच्यावर अन्यायच आहे. माणसानं हजार पुस्तकं लिहिली ह्यापेक्षा हजारावं पुस्तक घ्यायला लोक आले, ही गोष्ट मोठी. वाक्य आखूड, प्रवेश झटपट, मुंबईचा रस्ता ओळखीचा, आणि झुंजार दारात उभा राहिला की वाचकाला हायसं वाटणार. त्या हायसं वाटण्याला कमी लेखू नये. दिवसभर कामावर राबून आलेल्या माणसाला रात्री अर्धा तास खात्री हवी असते की कुणीतरी हे निस्तरणार आहे. सुहास शिरवळकरांनी पुढे हाच करार जरा शहरी, तरुण भाषेत केला: दारा बुलंद, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास. प्रत्येक नायकाची दुनिया वेगळी आणि तिचे रिवाज ठरलेले. आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर आमच्यापैकी कित्येकांचा पहिला मालिका-नायक. फुरसुंगीचा पोरगा, सायकल, 'ट्टॉक'. तो 'ट्टॉक' आला नाही तर पुस्तक पुरं झालं असं वाटणार नाही. गंमत बघा, ज्या भागवतांनी फेणे दिला त्यांनीच ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. एकाच माणसानं दोन्ही खिडक्या उघडल्या. पण त्यांनी व्हर्नच्या गोष्टी फेण्याच्या साच्यात कोंबल्या नाहीत.

घडी परत बसवणं हा करार असला, तरी त्यात राहून मोठं काम करता येतं. स्वीडनमधलं माय श्योवाल आणि पेर वालो हे जोडपं. त्यांनी १९६५ ते १९७५ ह्या दहा वर्षांत मार्टिन बेक ह्या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. दहाच लिहायच्या हे आधीच ठरलं होतं. पहिल्या पुस्तकात एका तरुणीचं प्रेत कालव्यातून निघतं आणि महिनोन्‌महिने काही म्हणजे काही हाती लागत नाही. बेकला सर्दी होते, पोट बिघडतं, घरी बायकोशी बोलणं कमी होत जातं. गुन्हा दर वेळी सुटतो, पण ज्या समाजात तो घडला त्याची घडी काही बसत नाही, दहा पुस्तकांत उलट आणखी विसकटत जाते. बेक म्हातारा होतो, त्याचा संसार मोडतो. आम्हांला विचाराल तर मालिका ह्या प्रकाराचा सर्वांत हुशार उपयोग ह्या दोघांनी केला. आणि तो त्यांना जमला, कारण मालिका कुठे संपणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता विज्ञानकथेकडे येऊ.

विज्ञानकथेची सुरुवात पुष्कळदा थरारकथेसारखीच असते. फ्रेड हॉइल ह्यांची 'द ब्लॅक क्लाउड', १९५७ ची. एक तरुण खगोलशास्त्रज्ञ आकाशाच्या दोन छायाचित्रपट्ट्या एकाआड एक बघतोय. एका पट्टीत जिथे तारे आहेत तिथे दुसरीत काळा गोल आहे, म्हणजे तारे झाकले गेलेत. तिकडे इंग्लंडमध्ये ग्रहांची स्थानं हिशोबाशी जुळत नाहीत. दोन्ही धागे जुळतात आणि उत्तर येतं: एक प्रचंड ढग सूर्यमालेकडे येतोय, आणि दीड वर्षाच्या आत पोचणार. खून नाही, पिस्तूल नाही, फळ्यावरचं गणित आहे. तरी त्या प्रकरणांत श्वास अडकतो. हॉइल स्वतः नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते, त्यामुळे शास्त्रज्ञ एकमेकांशी कसे भांडतात हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

थरारकथा असती तर पुढे ढग थोपवायचा, पृथ्वी वाचवायची आणि मुख्य शास्त्रज्ञानं घरी जाऊन चहा प्यायचा. हॉइल तसं करत नाहीत. ढग सूर्यापाशी येऊन थांबतो, आणि हळूहळू कळतं की तो जिवंत आहे. विचार करतो. त्याच्याशी रेडिओवरून बोलणं होतं, तेव्हा त्यालाच आश्चर्य वाटतं, ग्रहासारख्या अडचणीच्या जागी विचार करणारे जीव कसे निर्माण झाले म्हणून! इथे पुस्तक पालटतं. संकट कधी टळेल, ह्याऐवजी आपण विचारायला लागतो की आपल्या बुद्धीची लांबीरुंदी किती. ढग शेवटी निघून जातो. पण वाचकाच्या डोक्यातलं जग पहिल्या पानावर होतं तसं परत येत नाही. हा विज्ञानकथेचा करार. घडी बसणार नाही, असं ती आधीच बजावते.

ह्याच हॉइल ह्यांच्या हाताखाली केंब्रिजला जयंत नारळीकर शिकले. त्यांची मराठीतली सुरुवात तुम्हांला ठाऊक असेल: १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' ह्या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, आणि अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. हे सगळं स्वतःच एखाद्या रहस्यकथेसारखं आहे.

आम्हांला इथे त्यांची 'धूमकेतू' ही कथा महत्त्वाची वाटते. कलकत्त्याचे दत्तदा, हौशी आकाशनिरीक्षक. दुर्बिणीपायी रात्ररात्र जागणारे, घरच्यांना त्याचं कौतुक थोडं आणि वैताग फार. ते धूमकेतू शोधतात, त्याला त्यांचं नाव मिळतं, सत्कार होतात. मग गणितातून निघतं की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. लंडनला गुप्त बैठक भरते, अण्वस्त्रं भरलेलं यान पाठवून धूमकेतूला वाटेवरून जरा बाजूला ढकलायचं ठरतं. ते साधतं, पृथ्वी वाचते. थरारकथा इथे संपली. टाळ्या.

नारळीकर मात्र एक प्रसंग आणखी लिहितात. दत्तदा घरी येतात तर घरी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ झालेला. बायकोच्या मनात शंका नाही, संकट टळलं ते त्या यज्ञामुळे. दत्तदांना तर गुप्ततेच्या बंधनामुळे काही सांगताही येत नाही. कल्पना करा, गणितानं जग वाचलेलं आहे आणि ज्या घरात हे गणित राहतं त्या घराला त्याचा पत्ता नाही. आकाशातला धूमकेतू वळवता आला, उंबरठ्याच्या आतलं अंतर तसंच राहिलं. त्या शेवटच्या प्रसंगामुळे ही कथा वाचकाच्या मानगुटीवर बसते. नारळीकरांची भाषा कोरडी आहे, पात्रं कधीकधी व्याख्यान दिल्यासारखी बोलतात, हे आम्हांलाही मान्य. (व्याख्यात्यानं ही तक्रार करावी ह्यातली गंमत आमच्या लक्षात आली आहे.) पण कुठे थांबायचं आणि कुठे एक पाऊल पुढे जायचं, ह्याची त्यांची जाण पक्की होती. ह्या दत्तदांवर पुढे दहा कथांची मालिका निघाली असती, तर? दर वर्षी नवा धूमकेतू आणि दर वर्षी नवा यज्ञ. तिसऱ्या कथेत आपण यज्ञाला हसायला लागलो असतो, आणि तो टोचणारा प्रश्न विनोद होऊन गेला असता.

म्हणजे विज्ञानकथेची मालिका होऊच शकत नाही का? होते. आयझॅक असिमॉव्ह ह्यांच्या रोबॉटकथा बघा. १९५० साली 'आय, रोबॉट' हा संग्रह निघाला. तीन नियम आधीच सांगून ठेवले: माणसाला इजा करायची नाही, आज्ञा पाळायची, स्वतःला जपायचं, आणि आधीचा नियम नंतरच्यापेक्षा वरचढ. मग प्रत्येक कथेत ह्याच नियमांना नवीन ठिकाणी दाबून बघायचं. बुधावर एक रोबॉट सेलेनियमच्या तळ्याभोवती दारू प्यायल्यासारखा गोल गोल फिरतोय, कारण आज्ञा जेमतेम दिली आहे आणि धोका थोडा जास्त आहे, दोन्ही नियमांची ओढ जिथे सारखी पडते तिथे तो अडकलाय. इथे परत परत येतो तो नियम, आणि प्रश्न दर वेळी ताजा असतो. म्हणून ही मालिका टिकते.

ह्यापुढचं पाऊल म्हणजे 'द केव्हज ऑफ स्टील', १९५४. संपादक जॉन कॅम्पबेल ह्यांचं म्हणणं होतं की विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदणार नाहीत, कारण भविष्यकाळातला गुप्तहेर ऐन वेळी खिशातून कुठलंही यंत्र काढेल आणि वाचकाला ठकवेल. असिमॉव्हचं उत्तर सरळ होतं: त्या जगाचे सगळे नियम वाचकाला आधी सांगून टाकायचे आणि मग खून करायचा. पुस्तकातली पृथ्वी पोलादी छताखाली राहते. कोट्यवधी लोक, सरकते रस्ते, यीस्टपासून केलेलं जेवण, सामाईक न्हाणीघरं. कुणी पिढ्यान्‌पिढ्या उघडं आभाळ पाहिलेलं नाही, आणि पाहायची भीती वाटते. गुप्तहेर इलायजा बेली ह्यालाही वाटते. आपण समजतो हे नुसतं वातावरण आहे. पण ती भीतीच तपासातला पुरावा आहे. कशी, ते सांगत नाही, वाचा. दोन्ही करार एका पुस्तकात पाळले गेल्याचं ह्याहून चांगलं उदाहरण आम्हांला माहीत नाही: खुनाचं कोडं सुटतं, घडी बसते, आणि बेलीच्या मनात मात्र बाहेरच्या आभाळाचा विचार शिरलेला असतो.

असं असताना ह्याच असिमॉव्हनं पुढे काय केलं? 'फाउंडेशन'ची तीन पुस्तकं १९५१ ते १९५३ मध्ये आली. त्यांतली कल्पना अशी, की माणसांच्या अफाट समूहाची वाटचाल गणितानं सांगता येते, एकेकट्या माणसाची येत नाही. त्यामुळे ह्या पुस्तकांना नायक नाही. माणसं येतात, आपल्या काळापुरती हुशारी दाखवतात आणि मरतात. पुढच्या कथेत ती रस्त्याच्या नावापुरती उरतात. मारामारी जवळजवळ नाही, खोलीत बसून बोलणं आहे. आणि दुसऱ्या पुस्तकातला तो प्रसंग! हॅरी सेल्डन वारून शेकडो वर्षं झाली आहेत, पण दर पेचप्रसंगाला त्याची आधी टिपून ठेवलेली प्रतिमा प्रकटते आणि काय घडलं ते बरोबर सांगते. ह्या वेळीही ती प्रकटते, शांतपणे बोलू लागते, आणि बोलते ते भलत्याच संकटाबद्दल. बाहेर 'म्यूल' नावाचा, कुठल्याच गणितात न बसणारा माणूस दाराशी आलाय, आणि आतला ऋषी दुसरंच काही सांगतोय. थरार ह्याला म्हणतात. एक गोळी न झाडता.

मग एकोणतीस वर्षं ही मालिका बंद होती. वाचक मागत होते, प्रकाशक मागत होते. १९८२ मध्ये चौथं पुस्तक आलं आणि धडाक्यात खपलं. पानं भराभर उलटतात, तक्रार नाही. पण असिमॉव्हनं आता रोबॉट आणि फाउंडेशन ह्या दोन्ही दुनिया जोडायला घेतल्या. १९८६ च्या पुस्तकात कळतं की हजारो वर्षं पडद्यामागे एक जण सगळं सांभाळत होता: बेलीचा जुना साथीदार, माणसासारखा दिसणारा रोबॉट डॅनील. १९८८ च्या पुस्तकात पुन्हा तोच, दुसऱ्या नावानं. म्हणजे ज्या गोष्टीची सगळी शान 'इतिहासाला नायक लागत नाही' ह्यात होती, तिला वीस हजार वर्षं वयाचा एक झुंजार मिळाला. डॅनील आम्हांला प्रिय आहे हो. रहस्यकथेत तो परत आला की आनंदच होतो. पण इथे तो आला आणि इतिहासातली भीती गेली. कुणीतरी निस्तरणार आहे, हे हायसं वाटणं झुंजारच्या गोष्टीत योग्य, फाउंडेशनमध्ये घात करणारं.

आर्थर क्लार्कच्या 'राँदेव्हू विथ रामा'चं असंच झालं. १९७३. पन्नास किलोमीटर लांबीचं एक नळकांडं सूर्यमालेत शिरतं, माणसं आत जातात, तिथे समुद्र आहे, शहरांसारखं काहीतरी आहे, आणि ज्यांनी हे बांधलं ते कुठेच नाहीत. ते यान सूर्याला वळसा घालून निघून जातं. आपल्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. ही उपेक्षाच त्या पुस्तकाचा सगळा रस आहे. १९८९ पासून जेंट्री ली ह्यांच्याबरोबर आणखी तीन भाग आले, शेवटच्याच्या तर नावातच 'रिव्हील्ड' आहे. उघड केलं. आमच्या मते उघड करायला कुणी बोलावलं नव्हतं. माणसांची भांडणं, प्रेमप्रकरणं, कारस्थानं वाढली आणि रामा त्यांची पडवी झाली.

आता तुम्ही म्हणाल, मौजेसाठीच वाचायचं तर एवढा काथ्याकूट कशाला? ज्याला चौथा भाग आवडतो त्यानं तो वाचावा. वाचावाच. पण मालिकेच्या भुकेला आजकाल कुणी नाही म्हणत नाही, आणि ती भूक वाचकाचीच असते. लेखकाला पुढचा भाग मागणारे आपणच. रीचरचं नवीन पुस्तक जरूर मागावं, ते मागणीवरच चालतं. चाइल्डनं २०२० पासून भावाला बरोबर घेऊन हा गाडा पुढे चालू ठेवला आहे. मराठी विज्ञानकथा बहुतांशी दिवाळी अंकांत आणि स्पर्धांत वाढली. तिला सुटी कथाच लिहावी लागली. त्यानं तिचं नुकसान झालं असं म्हणतात, मोठी, ऐसपैस दुनिया तिला उभारता आली नाही म्हणून. त्यात तथ्य आहे. पण त्याच अडचणीमुळे 'धूमकेतू'चा शेवट शाबूत राहिला, हेही जमेला धरा.

जाता जाता, 'फाउंडेशन कुठून सुरू करावं' हे पुष्कळ जण विचारतात, तेवढं सांगून टाकतो. घटनाक्रमानं लावलेल्या याद्या सापडतात, त्या बाजूला ठेवा, कारण त्या तुम्हांला आधी १९८८ चं पुस्तक वाचायला लावतात. आधी 'द केव्हज ऑफ स्टील' आणि मग १९५७ चं 'द नेकेड सन'. त्यानंतर १९५१, ५२, ५३ ह्या क्रमानं तीन फाउंडेशन. तिसरं संपल्यावर महिनाभर दुसरं काहीतरी वाचा. मार्टिन बेक चालेल, पहिल्या पुस्तकापासून. महिन्यानंतरही चौथा भाग हवासा वाटला, तर वाचनालयातून आणा, विकत घेऊ नका.